चालनेरकर मास्तरांचं गाव

वर्षाच्या पहिल्या दिवशी मास्तर हजेरी घेत ती आडनावांची. कुणाचं नाव काय आहे याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसे. "नाव काय, आईबापांनी ठेवलेलं. दत्तू नाही तर पांडू. आडनाव गावानं ठेवलेलं असतं, ते सांगा," असं म्हणून ते खुर्ची पुढं ओढत आणि एकेका पोराला उभं करून आडनाव, त्याचा अर्थ, मूळ गाव, आजोबांचा धंदा असं सगळं खोदून काढत. चाळीस पोरांची हजेरी संपायला तीन दिवस लागत. इंग्रजीचं पुस्तक उघडे ते चौथ्या दिवशी. सोलापुरातल्या आमच्या त्या हायस्कुलात त्यांना झाडून सगळे आडनावमास्तर म्हणत, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

या छंदाला सोलापूर फार सोयीचं. विणकरांची तेलुगू पोरं आडनाव आधी सांगत आणि नाव मागाहून. त्यांच्यात आडनावाला 'इंटिपेरु' म्हणजे घराचं नाव म्हणतात, हे मला मास्तरांनीच सांगितलं. अक्कलकोटकडच्या पोरांची आडनावं कानडी, ती समजून घेण्यासाठी मास्तर मोडकंतोडकं कानडी शिकले होते. एका वर्षी वर्गात गाढवे आडनावाचा एक मुलगा आला. आता अशा पोराचं वर्गात काय होतं ते सांगायला नको. मास्तरांनी त्याला उभं केलं, मागच्या बाकावर खिदळणाऱ्या एकालाही उभं केलं आणि म्हणाले, "याच्या पणजोबाकडं गाढवं होती. म्हणजे लादायला माल होता, माल न्यायला बाजार होता. तुझ्या पणजोबाकडं काय होतं, विचारून ये घरी." पुढं त्या गाढवेला कुणी चिडवलं नाही. तो मुलगा पुढं वकील झाला आणि दारावर आडनावाची पाटी हातभर लांब लावली.

मी तिथं गणित शिकवायला लागलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. साल एकोणीसशे तिसाच्या आगेमागे. बार्शीहून ट्रंक घेऊन आलो, शिक्षकांच्या खोलीत टेकलो, तोच एक उंच, काळेसावळे, पांढऱ्या फेट्यातले गृहस्थ समोर येऊन उभे राहिले.

"मैंदर्गीकर ना तुम्ही? घरात कानडी आहे?"

"नाही. आजोबाच बार्शीला आले."

"मैंदर्गी पाहिलीय?"

"नाही."

"अहो, मग नुसतं नावच घेऊन फिरताय की!"

पुढच्याच रविवारी ते मला अक्कलकोटकडच्या मैंदर्गीला घेऊन गेले. तिथं आमच्या घराण्याला ओळखणारं कुणी निघालं नाही. बाजारात शेंगा घेतल्या, एका देवळाच्या पायरीवर बसून खाल्ल्या. निघताना मास्तरांनी मला वेशीत उभं केलं आणि म्हणाले, "हं. आता म्हणा मैंदर्गीकर." मी हसत हसत म्हटलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवसापासून सही करताना मला जरा बरं वाटायला लागलं.

एवढं सगळं जगाचं ठाऊक असलेल्या या माणसाला स्वतःचं गाव मात्र सापडत नव्हतं. मास्तरांचं आडनाव चालनेरकर. चालनेर कुठं आहे? पारनेर आहे, जामनेर आहे, अमळनेर, संगमनेर, पिंपळनेर आहे, तेव्हा चालनेरही त्याच अंगाला कुठंतरी असणार असा मास्तरांचा हिशेब. उन्हाळ्याच्या सुट्टीत लोक सासुरवाडीला जातात, हे एक पिशवी आणि फिरकीचा तांब्या घेऊन नगर-खानदेशात जात. प्रत्येक चावडीवर विचारत. एका तलाठ्यानं यांना दोन तास बसवून घेतलं, दप्तरं चाळली आणि शेवटी म्हणाला, "चालनेर नाही. चाळीसगाव आहे, चालेल?" हा किस्सा मास्तर स्वतःच सांगत आणि स्वतःच सगळ्यात जास्त हसत. हसून झालं की मात्र पुढच्या सुट्टीतली गावं मोजायला लागत.

मास्तरांकडं माझं जाणंयेणं वाढलं. त्यांची पत्नी फार आधी वारलेली, घरात ते आणि मुलगी कुसुम. ती सतरा-अठराची, बापासारखीच सावळी, आणि बापासारखीच समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणारी. मी कशाकशासाठी त्या घरी जायचो त्याची कारणं आता आठवत नाहीत, तेव्हाही ती फारशी पटण्यासारखी नव्हती. मास्तरांना ते कळलं असावं. त्यांनी बार्शीला माझ्या वडलांना पत्र घातलं. वडलांना आम्ही नाना म्हणत असू. नाना बार्शीच्या धान्याच्या पेठेत दिवाणजी होते, माणूस करडा, कुळाचारात केसाचाही फरक न चालणारा. नाना आले, मुलगी पाहिली, पसंत पडली. यादी पंधरा दिवसांनी करायची ठरली. यादी म्हणजे दोन्हीकडच्या चार माणसांनी बसून लग्नाचं सगळं कागदावर घ्यायचं. त्यात वरच्या ओळीतच दोन्ही घराण्यांचं कूळ, देवक आणि मूळ गाव लिहायचं असतं.

त्या पंधरा दिवसांतच ते पत्र आलं.

आमचे पोस्टमन इमामभाई. शाळेच्या व्हरांड्यात सायकल टेकवून त्यांनी मास्तरांच्या हातात एक जाड निळसर पाकीट दिलं. "मास्टरसाब, इलायत का खत है तुम्हारा. नाम आधाच लिखे, 'कर' खा गए." पाकिटावर इंग्रजीत लिहिलं होतं, चॅलनर कुटुंब, सोलापूर. आता या नावाचं कुटुंब गावात नव्हतंच, तेव्हा जवळात जवळचं जे होतं तिथं इमामभाईंनी पत्र पोचवलं. त्यांच्या हिशेबानं साहेबानंच शुद्धलेखन चुकवलं होतं.

पत्र इंग्लंडातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाचं. मास्तरांनी ते मोठ्यानं वाचायला घेतलं, मी शेजारी. गृहस्थाचं आडनाव चॅलनर. हे आडनाव आमच्याकडं फार विरळ आहे, त्यानं लिहिलं होतं, आणि मी म्हातारपणी या आडनावाचा इतिहास जमवायला घेतला आहे. जुन्या चर्चच्या वह्यांत ते पाच-सात तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, कारण लिहिणाऱ्यानं जसं ऐकलं तसं उतरवलं. फ्रान्सात शालों नावाचं गाव आहे. तिथं अंथरापांघरायचं एक जाड लोकरी कापड होई, त्याला त्या गावावरूनच नाव पडलं. ते कापड विणणारा किंवा विकणारा तो चॅलनर. म्हणजे आम्ही मूळचे चादरी-कांबळी विणणारे. माझे एक चुलत आजोबा रेल्वेची सडक बांधायला तुमच्या गावी इंजिनिअर म्हणून आले आणि तिथंच तापानं गेले. त्यांचं लग्न झालं नव्हतं असं आम्ही समजतो, पण तिकडं या नावाचं कुणी असेल तर कृपा करून कळवावं.

मास्तर 'कुणी असेल तर' पाशी थांबले. त्यांनी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या खेपेला मनातल्या मनात. मग म्हणाले, "मैंदर्गीकर, उद्या माझे तास घ्याल? मोडनिंबला जाऊन येतो."

"मीही येतो," मी म्हटलं. रविवारपर्यंत त्यांना कसंबसं थांबवलं.

मोडनिंबला त्यांची थोरली बहीण दिली होती. आक्का. मास्तर पाळण्यात असताना वडील गेले, त्यामुळं वडलांविषयी जे काही ठाऊक असेल ते आक्कांनाच. त्या परसात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मास्तर उकिडवे त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "आक्का, चालनर म्हणजे कोण?"

आक्कांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "सायेब हुता की. रूळ टाकाया आल्याला."

"मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस? दर दिवाळीला विचारतोय मी!"

"तू गाव इचारत हुतास, बाबा. चालनेर गाव कुटं हाय, चालनेर गाव कुटं हाय. गाव मला कुटलं म्हाईत? चालनर गाव न्हवंच, मानूस हुता."

मास्तर तिथंच मातीत मांडी घालून बसले. मग आक्कांनी शेंगा सोलता सोलता सगळं सांगितलं. आबांची, म्हणजे त्यांच्या वडलांची आई रुळाच्या भरावावर माती टाकायला आलेली. ती तापात गेली. टोळी पुढं निघून गेली आणि चार वर्षांचं पोर तंबूशी राहिलं. साहेबानं त्याला बंगल्यावर नेलं. तिथं घोडे सांभाळणाऱ्यानं आपल्या पोरांत त्याला वाढवलं. पुढं साहेबही गेला. मोठेपणी आबा रेल्वेत नोकरीला लागायला गेले तेव्हा कारकुनानं विचारलं, "कुठला रे तू?" आबा म्हणाले, "चालनरचा." कुठला म्हटल्यावर आपला माणूस गावच सांगणार, असं धरून कारकुनानं लिहिलं, चालनेरकर.

"आणि जात?" मी विचारलं. मला विचारणं भाग होतं.

"घोडेवाला म्हनायचा, बाई आपल्यातलीच हुती." आक्कांनी सूप झाडलं. "पर बगाया कोन गेलं हुतं?"

येताना गाडीत मास्तर खिडकीबाहेर बघत एकटेच हसत होते. "बघा हं, मैंदर्गीकर. आधी गाव. गावावरून कापड, कापडावरून विणकर, विणकरावरून साहेब, साहेबावरून आम्ही. म्हणजे शेवटी गावच निघालं की हो! आणि मी मेला पारनेरात शोधत होतो." त्यांना इतका आनंद झाला होता की घरी लग्नकार्य आहे हे ते पार विसरून गेले होते. मी विसरलो नव्हतो. नाना हे ऐकतील तेव्हा काय म्हणतील ते मला अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. साहेबाचं नाव म्हणजे साहेबाचं रक्त, असं कुणीही म्हणणार. मास्तरांच्या रंगाकडं बघून तसं म्हणणं विनोदीच होतं, पण लग्नाच्या बोलण्यात विनोदाला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मला जुन्या गोऱ्या लोकांच्या कबरस्तानात घेऊन गेले. दगड सापडला. नाव झिजलं होतं, तरी लागत होतं. मास्तरांनी धोतराच्या सोग्यानं तो पुसला. मग त्यांना प्रश्न पडला, फेटा ठेवावा की काढावा? साहेब लोक मानानं डोकं उघडं करतात, आपण मानानं झाकतो. त्यांनी फेटा काढून हातात घेतला, क्षणभर अवघडून उभे राहिले, आणि परत डोक्यावर ठेवला. "वडीलधारे आहेत," म्हणाले, "उघडं डोकं बरं नाही दिसत."

तिथून बाहेर पडताना मी मन घट्ट करून बोललो. "मास्तर, यादीत चालनेर, पूर्व खानदेश एवढंच लिहा. आजवर लिहीत आलातच की. बार्शीहून कोण बघायला जाणार आहे?"

ते थांबले. माझ्याकडं पाहिलं. रागावले नाहीत, काही शिकवलंही नाही. "कुसुमवर जीव आहे ना तुमचा?" एवढंच विचारलं.

"आहे."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि चालायला लागले. ते काय ठीक आहे, मला कळलं नाही. मी माझ्या सोयीचा अर्थ घेतला.

यादीला मास्तरांच्या घरी नाना, माझे मामा आणि मास्तरांच्या आळीतले दोघे बसले होते. मामांनी दौत-टाक पुढं घेतला. आमच्या बाजूला मैंदर्गी लिहून झालं. "हं मास्तर, मूळ गाव?"

"ठाऊक नाही," मास्तर म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. भराव, तंबू, साहेब, घोडेवाला, कारकून. पत्रही वाचून दाखवलं, मराठीत. देवक कुणाचं, असं नानांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ज्यानं सांभाळलं त्याचं." आणि जातीचं विचारल्यावर आक्कांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, 'बगाया कोन गेलं हुतं' यासकट. तेवढं गाळलं असतं तर काय बिघडत होतं! आतल्या दारात कुसुम पोह्यांच्या ताटल्या घेऊन उभी होती.

नानांनी टाक मामांच्या हातून काढून खाली ठेवला. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. तसा झाला की घरात आम्ही सगळे घाबरत असू. "आमच्या चिरंजिवांना हे म्हाईत हुतं?"

"होतं."

"आन् ते काय म्हनाले?"

मी खाली बघितलं. आता हा माणूस खरं तेच सांगणार याची मला खात्री होती. या माणसाला दुसरं काही सांगताच येत नाही.

"त्यांनीच मला सांगितलं," मास्तर शांतपणे म्हणाले, "की खरं असेल ते लिहा. लग्न मोडलं तरी चालेल."

मी मान वर केली. मास्तर माझ्याकडं बघतही नव्हते. कुसुम बघत होती. तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं तसं त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही.

नाना "कळवतो" म्हणून बार्शीला निघून गेले. ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. नवव्या दिवशी नाना स्वतः आले, थेट मास्तरांच्या घरी. ओट्यावर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "गाव न्हाई तर न्हाई, मास्तर. आमचं तरी मैंदर्गीला कोन बसलंय? पोरगं तुमच्यात ऱ्हाऊन खरं बोलाया शिकलं, मला तेवढं बास हाय. ती वळ कोरी ठिवा." यादीत ती ओळ कोरी राहिली. मामांनी नंतर आमच्या बाजूचं मैंदर्गीही खोडलं, एक भरलेली आणि एक कोरी बरी दिसत नाही म्हणून.

लग्न झालं. मास्तरांनी विलायतेला उत्तर धाडलं. लिहिलं की आमच्यात आपलं रक्त नाही, आम्ही आपले झालो ते एका कारकुनाच्या कानामुळं. दोन-तीन महिन्यांनी म्हाताऱ्याचं उत्तर आलं. तुमच्या घराण्याची नोंद मी माझ्या वहीत घेतली आहे, त्यानं लिहिलं होतं, कारण आम्ही मुळात इतके थोडे आहोत की आलेल्याला परत पाठवणं आम्हाला परवडणार नाही. मास्तरांनी ते पत्र अख्ख्या हायस्कुलाला वाचून दाखवलं. हेडमास्तरांना दोनदा.

त्याच सुमाराला मी एकदा धीर करून विचारलं. "मास्तर, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात."

"हो."

"का?"

ते पेपर तपासत होते. लाल पेन्सिल कानावर ठेवली. "कारकुनानं आबांचं गाव चुकीचं लिहिलं. चूकच होती ती. पण आबा त्या नावानं नीट वागले, मी वागलो, आणि नाव आमचं झालं. तुमच्या नावावर मीही तशीच एक चुकीची नोंद केलीय, मैंदर्गीकर. खरी करायचं तुमच्याकडं आहे." मग पेन्सिल काढून पुढचा पेपर ओढला.

ती नोंद मला फार महागात पडली, हे आज हसत लिहितो. एका बड्या गृहस्थाच्या मुलाला गणितात वर ढकला म्हणून वरून निरोप आला, तेव्हा मी घरी येऊन कुरकुरत होतो. कुसुम म्हणाली, "लग्न मोडलं तरी खरं लिहा म्हणणारे तुम्ही, आणि पाच मार्कांना भिता?" झालं. दुसऱ्या दिवशी नाही म्हणून आलो. असं किती वेळा झालं! नानांशी, मुलांशी, वरिष्ठांशी. दर वेळी मला पळवाट दिसे आणि दर वेळी कुसुम तेच वाक्य म्हणे. मी मूळचा भित्रा माणूस. हळूहळू पळवाटा दिसायच्याच बंद झाल्या. लोक मला सरळ माणूस म्हणू लागले. कुणी म्हटलं की मला मास्तरांची ती खाली न झुकलेली मान आठवे.

मास्तर गेले ते अगदी थोड्या आजारात. शेवटच्या दुपारी कुसुम औषध आणायला आत गेली तेव्हा मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि म्हटलं, "मास्तर, तिला सांगू का आता?" त्यांनी डोळे उघडले. बोलायची ताकद नव्हती, तरी हसले. मान हलवली खरी, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आजतागायत उमगलेलं नाही.

मी सांगितलं नाही. भीती होती की ती माझ्याकडं परत तशी बघणार नाही. पण मास्तरांवर लिहायला बसलो आणि लक्षात आलं की ही एक गोष्ट गाळली तर मास्तरांनी माझ्यासाठी काय केलं ते सांगताच येत नाही. आमच्या घरात मी लिहिलेलं पहिल्यांदा कुसुम वाचते. ती शेजारच्या खोलीत आहे, पत्रावळी लावतेय. हे कागद आता तिच्याकडं नेऊन देतो.